तोंडावाटे घ्यावयाची लस मागे का पडावी?

कोंबड्या पाळणाऱ्यांना राणीखेतची लस पिण्याच्या पाण्यातून देणे नवे नाही. सुई नको, पाखरे धरण्याची दगदग नको. माणसाच्या आतड्याच्या रोगांवरही अशीच सोपी लस असावी आणि तिच्यासाठी सरकारने पैसा काढावा, असे आमचे मत आहे. कारण औषधे हरू लागली आहेत.

विषमज्वराचेच पाहा. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हाती आले, तेव्हा हा ताप आटोक्यात आला असे वाटले. १९७२ साली कालिकतमध्ये त्या औषधाला न जुमानणारा विषमज्वर पसरला. मग दुसरे औषध, मग तिसरे. २०१६ पासून सिंधमधील हैदराबादेत जी साथ आली, तिच्यात सेफ्ट्रायॅक्सोनचे इंजेक्शनही लागू पडेना. पोटात घेण्याजोगे एक अझिथ्रोमायसिन तेवढे उरले. योगायोग असा, की तेथील मुलांना टोचलेली लस आपल्या दख्खनच्या हैदराबादेत तयार झाली होती.

ती लस चांगली आहे. मुलांना जरूर टोचून घ्यावी. पण सुईला शिकलेला हात लागतो, आणि गावोगाव तो कोठून आणायचा? शिवाय हा जंतू तोंडावाटे शिरतो. त्याला आतड्याच्या दाराशीच अडविले तर बरे.

तशी एक लस होती. जंतूला दुबळे करून ती १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये बनविली गेली. चिलीतील सांतियागो शहरात शाळकरी मुलांना तिच्या तीन कॅप्सूल दिल्या, तेव्हा तीन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश आजार टळले. परंतु पुढे ती बहुतेक श्रीमंत देशांतील प्रवाशांपुरतीच राहिली आणि २०२४ अखेर तिचे उत्पादनच थांबले. तिच्यात उणिवा होत्या, हे खरे. ती थंड ठेवावी लागे. अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर लसीतले जिवंत जंतूच मरत. आपल्याकडे कणकण आली की दुकानातून दोन गोळ्या आणून घेण्याची रीत. तेथे ती फुकटच गेली असती!

पण उणिवा दूर करता येतात. पॅराटायफॉईडवरील पिण्याच्या लसीची चाचणी ऑक्सफर्ड येथे स्वयंसेवकांवर झालीही आहे. हैदराबाद आणि पुणे येथे लस बनविणारे कसबी हात आहेत. नफा नाही म्हणून कारखानदार मागे सरतो, तेथे सरकारने पुढे व्हावे. मात्र नवी लस सहा वर्षांखालच्या मुलांनाही चालेल अशी हवी. जुन्या कॅप्सूल त्यांच्यासाठी नव्हत्याच.