पन्नास हजारांची रेघ
बच्चू कडू जून 2025मध्ये गुरुकुंज मोझरीला अन्नत्यागाला बसले, तेव्हा दिव्यांगांना महिन्याला 6,000 रुपये द्या, ही एक मागणी होती. ऑक्टोबरपासून 1,500चे 2,500 झाले. झाले ते बरंच झालं. माझं भांडण रकमेपेक्षा संजय गांधी निराधार योजनेतल्या उत्पन्नाच्या अटीशी आहे. दिव्यांगाच्या अख्ख्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000च्या आत हवं, म्हणजे दिवसाला जेमतेम 137 रुपये! घरची बाई निंदणाला, कापूस वेचायला नेमाने गेली तरी ही रेघ ओलांडायची. मग अकोट असो की दर्यापूर, दाखला काढताना खरं बोलणं परवडतं कुणाला? बरं, कागद जमले तरी अंगठा आहेच. जन्मभर पोती वाहिलेल्या हमालाची बोटं गुळगुळीत झालेली. ‘काका, अंगठा नाही उठून राह्यला,’ म्हणत सेतू केंद्रातला पोरगा त्याचं बोट ओल्या फडक्याने पुसतो, पुन्हा टेकवतो. आणि डॉक्टरांनी अपंगत्व 40ऐवजी 38 टक्के लिहिलं, तर अर्ज तिथेच बाद. पोतं मात्र त्याच्याने तेव्हाही उचलवत नाही.