इंग्रजी वापरली जाईल!

इंग्रजीशी माझं वैर नाही. बी. कॉम.ला तिनं मला दोनदा अडवलं, तेवढं सोडलं तर आमचे संबंध सलोख्याचे आहेत. पण परवा मात्र डोकं फिरलं.

त्याचं असं झालं, आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर रोज किती माणसं येतात हे मोजायचं काम कार्यकारिणीनं माझ्या गळ्यात मारलं. "तुम्ही बँकेतले, आकडे म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ!" मोजणी करतो एडब्ल्यूस्टॅट्स नावाचा प्रोग्रॅम, सर्व्हरच्या नोंदी वाचून तो हिशेब मांडतो. भाषेच्या रकान्यात मी मराठीचं चिन्ह भरलं, 'एमआर'. (दवाखान्याबाहेर बॅग सांभाळत ताटकळणाऱ्या माणसालाही आपण हेच म्हणतो.) उत्तर आलं : या भाषेच्या फाइली सापडत नाहीत. इंग्रजी वापरली जाईल.

वापरली जाईल! विचारलं कुणाला?

फरक सापडल्याशिवाय कारकून वही मिटत नाही. भाषांच्या फोल्डरचा पत्ता 'डिरलँग'मध्ये असतो. तो तपासला, बरोबर. फाइल वाचायची परवानगी पाहिली, होती. मग 'एमआर' खोडून फ्रेंचचं 'एफआर' घातलं, तर सगळं पान घडाघडा फ्रेंच बोलू लागलं! म्हणजे रस्ता ठीक, कुलूप उघडं. मराठीची फाइल त्या फोल्डरात मुळी नव्हतीच.

भाचा म्हणाला, "मामा, इंग्रजी आहे ना? मग अडलंय कुठे?"

याच वाक्यानं आपला घात केलाय. काउंटरवरच्या मराठी स्लिपा संपल्या की खातेदार मुकाट्यानं इंग्रजी भरतो. मग वरून शेरा येतो, 'मराठी स्लिपांना मागणी नाही.' अडत नाही म्हणून छापत नाहीत, आणि छापत नाहीत म्हणून मागणी दिसत नाही!

बरं, दोष प्रोग्रॅमचा म्हणावा तर तोही नाही. भाषेची फाइल म्हणजे साधा मजकूर : डावीकडे क्रमांक, उजवीकडे शब्द. ज्यांना आपली भाषा हवी होती त्यांनी बसून लिहून दिली. आपण इंग्रजी पाट्यांना डांबर फासायला शंभर जण जमतो. शंभर ओळी लिहायला एक जण बसत नाही.

काल रात्री मी बसलो. शून्य क्रमांकाला 'अननोन' होतं, लिहिलं, 'अज्ञात'. दोन क्रमांकाला 'अदर्स'; लिहिलं, 'इतर'.

आजवर आपली गणती याच रकान्यात होत आली. निदान रकान्याचं नाव तरी आता मराठीत आहे.