बंदुकीचे वय आणि आजीचे वय

(द्वितीय वर्ष कला)

जुन्या वस्तूवर सनाचा आकडा कोरलेला दिसला की आपण निश्चिंत होतो. वस्तूचे वय कळले, असे आपल्याला वाटते. हा समज किती फसवा आहे, हे ऑस्ट्रियातील श्टायर या गावी बनलेल्या जुन्या शिकारी रायफलींवरून चांगले कळते. शिकारीच्या बंदुका हा काही आपल्या जिव्हाळ्याचा विषय नव्हे. तरीही त्यांचे वय ठरविण्याची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावी, असे माझे मत आहे.

योझेफ वेर्न्डल याने १८६४ मध्ये आपल्या भावासह श्टायर येथे बंदुकांचा कारखाना काढला. पुढे मानलिखर-शोनाउअर या जोडनावाची प्रसिद्ध शिकारी रायफल याच कारखान्यातून बाहेर पडली. फर्डिनांड मानलिखर आणि ओटो शोनाउअर हे तिचे दोन कर्ते. तिच्यातील काडतुसे एकावर एक रचलेली नसतात, ती फिरत्या चकरीभोवती बसतात. तिचे १९०३, १९०५, १९०८ आणि १९१० असे नमुने झाले. आता खरी मेख इथेच आहे. रायफलीवरचा '१९०३' हा आकडा नमुन्याचा असतो. ती विशिष्ट रायफल कोणत्या साली घडली, हे तो सांगत नाही. नमुना एकदा ठरला की त्याबरहुकूम पुढे कित्येक वर्षे रायफली बनत राहिल्या. तेव्हा त्या आकड्यावरून एवढेच सिद्ध होते की, ही रायफल १९०३ च्या आधीची नाही.

मग जाणकार काय करतात? ते कारखान्याचे नाव वाचतात. १८६९ मध्ये या कारखान्याची भागभांडवलाची कंपनी झाली. १९२६ मध्ये तिचे नाव 'श्टायर-वेर्के' झाले आणि १९३४ च्या विलीनीकरणानंतर 'श्टायर-डाइम्लर-पुख'. रायफलीवर 'श्टायर-वेर्के' कोरलेले असेल, तर नमुन्याचा आकडा काहीही म्हणो, ती १९२६ च्या आधी घडलेली असणे शक्य नाही. लाकडी दस्ता मात्र एकटा भरवशाचा नाही, कारण मोडला की तो बदलता येतो. असे एकेक साक्षीदार तपासून 'याच्या नंतरची, त्याच्या आधीची' अशी वयाची चौकट आवळत आणायची. या रायफलीचे उत्पादन १९७२ मध्ये थांबले, ही त्या चौकटीची शेवटची बाजू.

योगायोग असा की, आमच्या घरची कालगणनाही १९७२ पाशीच येऊन थांबते. त्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती आणि माझे थोरले चुलते तिच्या कडेवर होते. चुलत्यांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९७१ अशी तारीख आहे. १ जून ही तारीख गुरुजींनी घातलेली, हे आपल्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. पण साल दुष्काळाशी जुळते. आजीच्या ओळखपत्रावर मात्र १ जानेवारी १९६५ छापलेले आहे. म्हणजे आई मुलापेक्षा सहा वर्षांनी मोठी! तरीही एका कार्यालयात छापील आकडाच खरा धरला गेला आणि पासष्टी पुरी नाही म्हणून तिचा म्हातारपणाचा 'पगार' अडला. ती दुष्काळाचे सांगू लागली, तर तिथले लोक हसले.

माझा सवाल एवढाच आहे. परदेशातील संग्राहक कारखान्याच्या बदललेल्या नावावरून रायफलीचे वय ठरवतो, तेव्हा त्याला आपण अभ्यास म्हणतो. माझी आजी दुष्काळावरून मुलाचे वय सांगते, तेव्हा तिला अडाणी का म्हणतो? दोघांची रीत एकच आहे. उलट छापील आकड्यापुढे मान तुकवून मोकळे होणाऱ्याने कसलाच तपास केलेला नसतो.

ज्यांच्या घरात कागद नाही त्यांना इतिहास नाही, असे आपण नकळत मानून चालतो. महाविद्यालयात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी ते मानू नये. येत्या सुट्टीत प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांचे वय विचारावे आणि नुसता आकडा न लिहिता तो कशावरून ठरला, तेही शेजारी लिहून ठेवावे. प्राध्यापकांनी अशी टिपणे प्रकल्प म्हणून स्वीकारावीत, ही त्यांना नम्र विनंती. पुढे कोणाच्या आजीला कार्यालयात विचारले गेलेच, तर निदान दाखवायला तेवढा एक कागद असेल.