ऑइल बदलण्याआधी ऑइलचा हिशेब मांडा

‘हाय मायलेज’ असं छापलेला इंजिन ऑइलचा डबा दुकानात दिसला, की आपल्याकडच्या गाडीवाल्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. मायलेज म्हणजे लिटरमागे किलोमीटर, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. तेव्हा हे ऑइल घातलं की डिझेल वाचणार, असा सरळ हिशेब. मुळात घोटाळा इथेच आहे. डब्यावरचं मायलेज म्हणजे गाडीचं आजवरचं धावणं. जास्त धावलेल्या गाडीसाठीचं ऑइल, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत व्हॅल्व्होलिन कंपनीने २००० साली ‘मॅक्सलाइफ’ नावाने असं ऑइल आणलं. ७५ हजार मैलांच्या, म्हणजे साधारण १ लाख २० हजार किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाड्यांसाठी. त्यात रबरी ऑइल सील थोडे नरम करून फुगवणारं द्रव्य असतं, मळी धुणारी आणि झीज कमी करणारी द्रव्यं जरा जास्त असतात. सील कडक होऊन बारीक पाझर लागला असेल, तर त्याचा उपयोग होतो. झिजलेली पिस्टन रिंग मात्र कुठलाही डबा भरून काढत नाही.

लोटे परिसरात हा प्रश्न किरकोळ नाही. औद्योगिक वसाहतीत कामगार नेणाऱ्या जीपा, माल ओढणारे टेम्पो, शाळेच्या पोरांच्या रिक्षा, वाडीवस्तीवरचं वडाप, यातल्या कित्येक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातल्या. एका बाजूला परशुराम घाट, दुसरीकडे खेडजवळचा भोस्ते घाट. गाडी आठ दिवस उभी राहिली तर घरातली चूल आणि बँकेचा हप्ता दोन्ही अडतात. म्हणूनच ‘जरा जाड ऑइल टाकू, बघू काय होतं ते’ हा सल्ला सगळ्यांना गोड लागतो.

पण हे जाड ऑइल करतं काय? टकटक आवाज दबतो, धूर थोडे दिवस कमी होतो, प्रेशरचा काटा वर दिसतो. जुनी गाडी विकायला काढताना काही जण हीच युक्ती करतात, हे ठाऊक नाही असा माणूस गॅरेज लाइनीत मिळणार नाही. मात्र सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर जाड ऑइल वरच्या भागापर्यंत उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासतं. म्हणजे दुखणं झाकलं गेलं आणि आत वाढत राहिलं.

म्हणून सांगणं असं, की ऑइल निवडण्याआधी जुनं ऑइल जातंय कुठे ते बघा. एक साधी वही करा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी काडी बघा. हजार किलोमीटरमध्ये किती ऑइल वरून घालावं लागलं ते लिहा. थोडं ऑइल तर चांगली गाडीही खाते. आकडा दर खेपेला वाढत असेल, तर मात्र समजायचं.

मग धूर बघा. आपल्याकडे त्यासाठी वेगळं यंत्र नको, घाट पुरे. लांब उतार उतरून खाली पुन्हा ॲक्सिलेटर दिल्यावर निळा भपका आला, तर बहुधा वॉल्व्ह सील गेले. चढाला सतत निळा धूर असेल, तर रिंगांचा आणि बोअरचा संशय घ्या. काळा धूर ऑइलचा नसतो. तो डिझेल नीट न जळल्याचा, त्यासाठी नोझल, पंप आणि एअर फिल्टर तपासा. धूर नाही, पण उभ्या गाडीखाली डाग पडतो, तर पॅकिंग किंवा सील. पाझर बारीक असेल, तर जास्त धावलेल्या गाडीचं ऑइल एकदा घालून बघायला हरकत नाही. धार लागली असेल, तर पैसे डब्यात घालू नका, सीलात घाला.

काडीवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं, तर आत पाणी शिरलंय. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलं. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, आधी ऑइल काढून तपासायचं. जुन्या बाजारात गाडी घेतानाही काडी आधी बघा, रंग नंतर.

आता निवड. गाडीच्या पुस्तकात जो नंबर दिलाय तोच पहिला मान. १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० यातला पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, दुसरा गरम इंजिनातल्या जाडीचा. खप वाढला म्हणून पुस्तकातल्या उष्ण हवामानाच्या तक्त्यात बसेल इतपत एक पायरी जाड चालेल, त्यापुढे नको. डब्यावर एपीआयची अक्षरं असतात. ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. मोटारसायकलचा क्लच बहुधा ऑइलातच भिजलेला असतो, तिला ‘जासो एमए’ लिहिलेलंच घ्या. कारचं ऑइल घातलंत तर क्लच घसरू शकतो. आणि डिझेल गाडीतलं ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे चांगल्या ऑइलचं कामच आहे.

किलोमीटर भरले नाहीत म्हणून ऑइल वर्षानुवर्षं ठेवणं हीसुद्धा खोटी काटकसर. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, पावसाळ्यात आतला दमटपणा उडून जात नाही. भरल्या गाडीने घाट ओढणं हाही जड वापरच. म्हणून महिन्यांचा हिशेबही धरा. महागडं ऑइल दुप्पट चालवण्यापेक्षा योग्य नंबरचं साधं ऑइल वेळेवर, फिल्टरसकट बदललेलं केव्हाही बरं. डबा सीलबंद बघून समोर फोडून घ्या आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका. नाहीतर त्यात काय भरून तुमच्याच दारी येईल, सांगता येत नाही.

शेवटचा मुद्दा हिशेबात सहसा कोणी धरत नाही. चेंबरचा नट काढल्यावर खाली आलेलं जळकं ऑइल जातं कुठे? थोडं वाळवीसाठी लाकडाला, थोडं फळ्यांना आणि उरलेलं गटारात. कारखान्यांच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि कारखानदारांना जाब विचारलाच पाहिजे. पण गॅरेजचं गटारही पहिल्या पावसात त्याच वहाळाला मिळतं. जळकं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते पुन्हा शुद्धीकरणाला जाईल हे बघण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून टाकलेली आहे. पण गटारात ओतलेलं ऑइल कोण गोळा करणार? गॅरेजवाल्यांनी एक झाकणाचं पिंप ठेवावं, परवाना असलेल्यालाच माल द्यावा. गाडीवाल्यांनीही पैसे देताना विचारावं, ‘मिस्त्री, जुनं कुठे टाकलंत?’ ग्रामपंचायतींनी हे मनावर घेतलं, तर चार-पाच गॅरेजांचं ऑइल एका ठिकाणी जमवणं अवघड नाही.

गाडी जुनी झाली म्हणून ती वाईट होत नाही, पण तिच्याकडे रोज बघावं लागतं. काडी, वही आणि पिंप, तिन्ही आपल्या आवाक्यातली आहेत. डबा त्यानंतर घ्या.