खिडकी इकडे, काम तिकडे

एक्स-आयज नावाचा एक चिमुकला प्रोग्राम आहे. तो सुरू केला की पडद्यावर दोन मोठे डोळे उमटतात आणि माऊसचा बाण जाईल तिकडे त्यांची बुबुळे वळतात. याखेरीज तो काहीच करत नाही. तरीही दूरच्या संगणकावरचा प्रोग्राम आपल्या पडद्यावर कसा आणायचा हे विद्यार्थ्याला शिकवायचे असेल, तर सुरुवात याच डोळ्यांपासून करावी. विद्यार्थी आपल्या साध्या लॅपटॉपवरून एसएसएच या साधनाने संस्थेच्या सर्व्हरवर लॉगिन करतो, टर्मिनलमध्ये प्रोग्रामचे नाव टाइप करतो आणि डोळे उघडतात ते त्याच्या स्वतःच्या पडद्यावर, त्याच्याच इतर खिडक्यांच्या शेजारी. प्रोग्राम चालतो आहे दुसऱ्या इमारतीत, कदाचित दुसऱ्या शहरात. नजर मात्र याच्या हातातल्या माऊसवर.

ही सोय सुमारे चाळीस वर्षे जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टीमचे काम सुरू केले. तिथे प्रोजेक्ट अथेना नावाचा उपक्रम चालू होता आणि आवारात डेक आणि आयबीएम अशा वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे होती. प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालो, त्याची खिडकी आपण बसलो असू त्या पडद्यावर उघडली पाहिजे, ही त्या रचनेची मूळ अट होती. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. आज एक्स-इलेव्हन म्हणतात ती हीच.

नवखा माणूस इथे एका शब्दाशी हमखास अडखळतो. सर्व्हर म्हटले की दूरच्या खोलीतले मोठे यंत्र डोळ्यांपुढे येते. एक्समध्ये उलटे आहे. पडदा, कीबोर्ड आणि माऊस या वाटून द्यायच्या गोष्टी, म्हणून त्या सांभाळणारा एक्स सर्व्हर असतो आपल्या टेबलावर. त्या मोठ्या यंत्रावरचा प्रोग्राम हा त्याचा ग्राहक: इथे रेघ ओढ, इथे ही अक्षरे लिही, असे तो या एक्स सर्व्हरला सांगतो, आणि कोणते बटण दाबले गेले ते त्याच्याकडून ऐकतो. कोणाचे दार ठोठावायचे हे त्याला डिस्प्ले नावाच्या एका चलातून कळते. ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ हा संदेश पाहून विद्यार्थी संस्थेच्या यंत्राला दोष देतात. पण अनेकदा कमतरता त्यांच्याच लॅपटॉपवर असते. मॅकवर एक्सक्वार्ट्झ किंवा विंडोजवर व्हीसीएक्ससर्व्हसारखा एक्स सर्व्हर बसवलेला नसेल, तर खिडकी उघडणार कुठे?

हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण महाराष्ट्रातल्या संशोधनाशी त्याचा थेट संबंध आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. तिथल्या निरीक्षणांच्या फायली विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर मावणाऱ्या नसतात. त्या उतरवून घेण्यात दिवस घालवण्यापेक्षा त्या आहेत तिथेच ठेवाव्यात, डीएस-नाइनसारखा प्रतिमा पाहण्याचा प्रोग्राम तिथेच चालवावा आणि फक्त खिडकी आपल्याकडे आणावी, हे शहाणपणाचे. ज्याच्याकडे जुना, ४ जीबी मेमरीचा लॅपटॉप आहे त्यालाही मग मोठ्या यंत्राची ताकद वापरता येते. आमच्या दृष्टीने या तंत्राचे खरे मोल इथे आहे.

त्याची दुखणीही आहेत. पहिले वेगाचे. सर्व्हर त्याच आवारात असेल तर डोळे बाणासोबत वळतात. तोच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असला, तर पुण्याहून एक फेरी मारून यायला सहसा २०० मिलिसेकंदांहून अधिक लागतात, आणि बुबुळे मागून रेंगाळत येताना नुसत्या नजरेला दिसतात. खिडकी उघडताना प्रोग्रामने अशा ५० फेऱ्या एकामागून एक मारल्या, तर १० सेकंद केवळ वाट पाहण्यात जातात. त्यात आजचे बरेच प्रोग्राम ‘रेघ ओढ’ असे सांगतच नाहीत. ते सगळे चित्र स्वतः रंगवून ठिपक्यांचा गठ्ठाच पाठवतात. शिवाय नेट तुटले की खिडकी जाते, आणि तिच्यासोबत प्रोग्रामही. गावाकडे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसताना हे फार महागात पडते. लांबच्या कामासाठी व्हीएनसी बरे, कारण सत्र पलीकडे चालूच राहते. पण त्यात सबंध डेस्कटॉप येतो, पडद्यात पडदा. एकेकटी खिडकी हवी आणि ती तुटल्यावर पुन्हा जोडताही यावी, असे असेल तर एक्सप्रा वापरावे. आपल्याकडे ते फारसे कोणाला माहीत नाही, याचे वाईट वाटते.

दुसरे दुखणे सुरक्षिततेचे, आणि ते अधिक गंभीर आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिले. एक्सची उघड्यावरून होणारी ये-जा त्याच्या कूटबद्ध बोगद्यातून जाऊ लागली आणि वाटेतल्या चोराचा प्रश्न मिटला. पलीकडच्या यंत्राचा प्रश्न मात्र उरला. ते डोळे पुन्हा पाहा. बाण दुसऱ्याच प्रोग्रामच्या खिडकीवर असतानाही त्यांना तो दिसतो. एक्सच्या एकाच पडद्यावरचे प्रोग्राम एकमेकांपासून काही लपवत नाहीत, त्यामुळे शेजारच्या खिडकीत टाइप होणारा पासवर्डही वाचता येतो. पलीकडच्या यंत्राचा ताबा वाईट माणसाच्या हाती गेला तर आपल्या पडद्याचे दार त्याला उघडे मिळते. म्हणूनच एसएसएचमध्ये दोन पर्याय ठेवले: कॅपिटल एक्स, जो आलेल्या प्रोग्रामवर बंधने घालतो, आणि कॅपिटल वाय, जो ती काढून टाकतो. डेबियन लिनक्समध्ये मूळ मांडणीच अशी आहे की एक्स लिहिले तरी वायचेच वर्तन मिळते. ‘चालत नसेल तर वाय लावून बघ’ हा सल्ला प्रयोगशाळांत सर्रास दिला जातो. ज्या यंत्रावर आपला पूर्ण विश्वास नाही तिथे तो देऊ नये.

प्रोग्रामना एकमेकांचे सगळे दिसते, ही त्रुटी दूर करण्याच्या विचाराने एक्सची जागा घेणारे वेलँड पुढे गेले. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली ते सुरू केले. वेलँडच्या डेस्कटॉपवर एक्स-आयज चालवून पाहा: बाण एक्सच्या खिडकीवर असेतोवर बुबुळे हलतात, वेलँडच्या खिडकीवर गेला की जागच्या जागी थांबतात. दुसऱ्याच्या खिडकीत डोकावण्याची मुभा संपली. हा निर्णय योग्यच होता. पण त्याच वेळी नेटवर्कवरून खिडकी पाठवणे हेही मूळ रचनेतून वगळले गेले. २०२५ साली आलेल्या ग्नोम ४९ या लिनक्स डेस्कटॉपमध्ये तर एक्सचे सत्र मूळ मांडणीत बंद केलेले होते.

एक्सवेलँडच्या पुलामुळे जुने प्रोग्राम अजून येतात, पण केवळ वेलँडसाठी लिहिलेल्या प्रोग्रामना त्या वाटेने येता येत नाही. त्यांच्यासाठी वेपाइप आहे. तो एसएसएचच्याच बोगद्यातून एकेका प्रोग्रामची खिडकी आणतो आणि चित्रातला बदललेला भाग तेवढा दाबून पाठवतो. त्यासाठी तो दोन्ही टोकांना बसवलेला असावा लागतो, आणि संस्थेच्या यंत्रावर तो बसवणे विद्यार्थ्याच्या हातात नेहमीच नसते. ते काम व्यवस्थापकांचे आहे. आपल्या विद्यापीठांच्या संगणक केंद्रांनी वेपाइप आणि एक्सप्रा ही दोन्ही साधने सर्व्हरवर आताच बसवावीत, ती कशी वापरायची याचे एक पानभर टिपण मराठीत आणि इंग्रजीत खाते देतानाच हाती द्यावे, आणि पहिल्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते दोन डोळे उघडल्याशिवाय तास संपवू नये.