चाचणीत मराठी, दुकानात इंग्रजी

प्रति,
मा. औषध महानियंत्रक (भारत),
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना,
एफडीए भवन, कोटला रोड, नवी दिल्ली

विषय: वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचे धोके रुग्णाच्या भाषेत न सांगणं

महोदय,

माउंजारो (टिर्झेपटाइड) मार्च 2025 मध्ये भारतात आलं, वेगोवी (सेमाग्लुटाइड) त्याच वर्षी जूनमध्ये. दोन्हींचे कागद आपल्या कार्यालयातून गेलेले आहेत, तेव्हा टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड म्हणजे काय, हे इथे सांगायला नको. तक्रार परवानगीबद्दल नाही. आठवड्याला एक सुई टोचून घेणाऱ्या माणसाला त्या सुईचे धोके कोण सांगतं, कधी सांगतं आणि कुठल्या भाषेत सांगतं, याबद्दल आहे.

आपल्याच दोन नियमांकडे पाहावं. 2019 च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीत भाग घेणाऱ्याला माहितीपत्रक द्यावं लागतं. ते साध्या, त्याला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. धोके, दुसरे उपाय, मधेच बाहेर पडण्याचा हक्क, सगळं त्यात यावं लागतं. वाचता येत नसेल तर समोर निःपक्ष साक्षीदार बसवावा लागतो. आता औषध नियमांमधली आयात औषधांच्या नोंदणीची अनुसूची ‘ड-दोन’ उघडावी. खोक्यातलं पत्रक इंग्रजीत असलं पाहिजे, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे साताऱ्याच्या बाईने माउंजारो चाचणीत फुकट घेतलं तर तिला मराठीत समजावून सांगणं बंधनकारक, आणि बाजारात आलं तेव्हाच्या दराने एका कुपीला साडेतीन हजार रुपये मोजून घेतलं तर तिच्या हातात बारीक टाइपातला इंग्रजी कागद. पैसे मोजणाऱ्याचा हक्क कमी कसा झाला, याचं उत्तर आपल्याकडून हवं आहे.

2011 च्या जनगणनेत पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे सुमारे 12 कोटी 90 लाख होते. देशात दर दहा माणसांमागे जेमतेम एक. मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख. नियम त्या एकासाठी लिहिला गेला आणि उरलेल्या नऊजणांचं ‘डॉक्टर सांगतील’ यावर सोडून दिलं. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला किती मिनिटं मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

ही इंजेक्शनं लग्नाआधीची ‘पॅकेजेस’ म्हणूनही विकली जातात. त्या पॅकेजमधल्या मुलीपुढे काय येतं ते पाहू. ती टिर्झेपटाइड सुरू करते. हे औषध जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतं, म्हणून तोंडाने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी जून 2025 मध्ये बायकांना उघडपणे सांगितलं की, गोळ्या घेत असाल तर इंजेक्शन सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर आणखी चार आठवडे निरोधसारखं दुसरं साधनही वापरा. मात्रा अडीच मिलिग्रॅमपासून पंधरापर्यंत पायरीपायरीने, दर चार आठवड्यांनी चढवली, तर हा काळ सलग 24 आठवड्यांचा होतो. सेमाग्लुटाइड घेत असेल तर मूल हवं असण्याच्या दोन महिने आधी ते थांबवायचं, टिर्झेपटाइड एक महिना आधी. लग्न ठरलेल्या मुलीला ज्या गोष्टी सर्वांत आधी कळायला हव्यात, नेमक्या त्याच इंग्रजी कागदाच्या घडीत राहतात. ब्रिटनच्या नियंत्रकांकडे तोवर या औषधांच्या काळातल्या गर्भधारणेच्या चाळीसहून अधिक नोंदी आल्या होत्या. त्यांनी त्यावरून सूचना काढली, ती लोकांना कळेल अशा इंग्रजीत काढली, कारण तिथल्या लोकांची भाषा इंग्रजी आहे.

शस्त्रक्रियेचंही तेच. जठरात अन्न जास्त वेळ राहत असल्याने भूल देताना ते वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून 2023 मध्येच याबद्दल सावध केलं. पण वजनाचं इंजेक्शन लोक घरच्यांपासूनही लपवून घेतात. ‘भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा’ एवढं एक मराठी वाक्य खोक्यावर छापायला किती शाई लागते?

आणि थांबवल्यावर काय होतं? सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत 1,961 लोक होते. त्यांतल्या औषध मिळालेल्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के उतरलं. हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्याच चाचणीतल्या 327 लोकांवर इंजेक्शन बंद झाल्यावर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा औषध मिळालेल्यांच्या उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं दिसलं. हा आकडा पॅकेज विकणारा सांगत नाही. तीन महिन्यांच्या कोर्ससाठी कर्ज काढणाऱ्याला हा उपचार वर्षानुवर्षं चालवावा लागू शकतो हे माहीत नसेल, तर त्याने दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 च्या निकालात हेच सांगितलं: उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे कळल्यावरच संमती खरी. तो खटला शस्त्रक्रियेचा होता. वैद्यकीय आचारसंहितेचे 2002 चे नियमही शस्त्रक्रियेआधी लेखी संमती मागतात, औषधाआधी नाही. औषध शरीरात गेल्यावर मागे घेता येत नाही, तरी त्यासाठी सही नको, कागद नको, भाषा नको.

ही औषधं वाईट आहेत असं कोणी म्हणत नाही. हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आणि जास्त वजन किंवा लठ्ठपणा असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या 17,604 रुग्णांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण मिळून 20 टक्क्यांनी कमी केलं. ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी हे मोठं वरदान आहे. म्हणूनच त्याला पित्ताशयातल्या खड्यांबद्दल, स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल, वजनाबरोबर स्नायूही झिजण्याबद्दल सांगायला हवं. घरात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग कोणाला झाला होता का, हे विचारायला हवं. डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटून अचानक दृष्टी जाण्याचा एक विकार आहे. युरोपच्या नियंत्रकांनी जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइडचा तो अतिशय विरळ दुष्परिणाम असल्याचं नोंदवलं, फार तर दहा हजारांत एक. विरळ आहे, पण अचानक अंधुक दिसू लागलं तर दुसऱ्या इंजेक्शनची वाट न पाहता डॉक्टरकडे धाव घ्यायची, हे त्या एकाला माहीत असायला हवं.

महोदय, वजनाच्या औषधांचा इतिहास आपल्या फायलींमध्येच आहे. रिमोनाबँटवर भारतात डिसेंबर 2009 मध्ये बंदी आली. सिब्युट्रामिनवर फेब्रुवारी 2011 मध्ये, सुमारे 9,800 रुग्णांच्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका 16 टक्क्यांनी वाढलेला दिसल्यावर. त्याआधी ज्यांनी या गोळ्या गिळल्या, त्यांना धोका कोणत्या भाषेत सांगितला गेला होता?

फ्रान्सचं उदाहरण आपल्या पदाला अधिक जवळचं आहे. सर्व्हिये कंपनीचं मेडिएटर 1976 पासून 2009 पर्यंत तिथे विकलं गेलं. परवाना मधुमेहींसाठी होता, पण ते बारीक होण्यासाठी सर्रास लिहून दिलं जाई. सुमारे 50 लाख लोकांनी ते घेतलं. शरीरात त्यातून तयार होणारा पदार्थ फेनफ्लुरामिनमधून तयार होणाऱ्या पदार्थासारखाच होता, आणि फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून 1997 मध्येच बाजारातून गेलं होतं. तरी मेडिएटर आणखी बारा वर्षं विकलं गेलं. ब्रेस्ट शहरातल्या फुप्फुसविकारतज्ज्ञ इरेन फ्राशों मागे लागल्या नसत्या तर ते आणखी चाललं असतं. मृत्यूंचे अंदाज 500 ते 2,000 असे आहेत. मार्च 2021 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं, आणि कंपनीबरोबर सरकारी औषध नियंत्रण संस्थेलाही: निष्काळजीपणाने मृत्यू आणि इजा घडवल्याबद्दल 3 लाख 3 हजार युरो दंड. आजची इंजेक्शनं म्हणजे मेडिएटर नव्हे. पण धोका कळत असून वेळेत पाऊल न उचलणं हा नियंत्रकाचाही गुन्हा ठरू शकतो, हे त्या निकालाने लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, वजनाच्या औषधांबद्दलच्या निवेदनावर औषध महानियंत्रकांनी तज्ज्ञांशी बोलून तीन महिन्यांत निर्णय घ्यावा. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या अनुसूचीत ज्या विकारांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांत लठ्ठपणा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कायदा सत्तर वर्षांचा होऊन गेला. तरीही लठ्ठपणावर औषध आहे हे लोकांपर्यंत पोचवायला वाटा सापडतात. धोका पोचवायला एकही सापडत नाही, हे पटण्यासारखं नाही.

आणि ते करता येतं, हे आपल्याच यंत्रणेने दाखवलं आहे. औषधाचा त्रास कळवण्यासाठी भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा जो ग्राहक-अर्ज आहे, तो मराठीतही आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024. म्हणजे त्रास झाल्यावर मराठीत लिहिता येतं. त्रास होण्याआधी मराठीत वाचता येत नाही.

आता सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च 2026 मध्ये संपल्यावर देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली आहे. किंमत उतरणं चांगलंच. पण मग हे इंजेक्शन तालुक्याच्या दुकानात पोचेल आणि आज शहरात होते ती चूक दहापट माणसांच्या बाबतीत होईल. मागणी तीन ओळींची आहे. अनुसूची ‘ड-दोन’मधला ‘इंग्रजी’ हा शब्द बदलून तिथे ‘इंग्रजी आणि विक्रीच्या राज्याची भाषा’ असं करावं. प्रत्येक खोक्यात एक पानाचं ठळक पत्रक असावं: कोणी घेऊ नये, गर्भनिरोधक आणि गर्भधारणा, भूल, डोळे, पोटातली तीव्र कळ, आणि थांबवल्यावर काय होतं. पहिलं इंजेक्शन देण्याआधी ते वाचून दाखवून रुग्णाची सही घ्यावी आणि एक प्रत त्याच्याकडे राहावी.

यासाठी संसदेत जावं लागत नाही. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाशी सल्लामसलत करून केंद्र सरकार नियम बदलू शकतं, आणि त्या मंडळावर आपण पदसिद्ध सदस्य आहात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, त्याचं इतिवृत्त जाहीर करावं, आणि मंडळाने नकार दिला तर त्याचं कारणही त्यात लिहावं.