भारताचा मित्र कोण, हा प्रश्न पहिला नव्हे

अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष आलं की आपल्या जेवणावळींत, संक्रांतीच्या कार्यक्रमात, मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघताना एक प्रश्न हमखास निघतो: या दोघांपैकी भारताला बरा कोण? मग कोणी अणुकराराचं नाव काढतं, कोणी ह्यूस्टनच्या मेळाव्याचं, कोणी १९७१ साली बंगालच्या उपसागरात आलेल्या अमेरिकी ‘एंटरप्राइझ’ युद्धनौकेचं. यामागची ओढ मी जाणतो. आईवडील तिकडे आहेत, भावाचा व्यवसाय तिकडे आहे, आणि माणूस देश बदलतो म्हणून मन बदलत नाही. तरीही मत देताना हा प्रश्न पहिला धरणं चूक आहे असं माझं ठाम मत आहे. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला असली तरी उमेदवार ठरवण्याची खटपट २०२७ मध्येच सुरू होईल, म्हणून हे आताच लिहितो आहे.

हा अंक एका करमुक्त संस्थेचा आहे. अमुक उमेदवाराला मत द्या असं इथे कोणी सांगू शकत नाही. १९५४ पासून तसा कायदा आहे, आणि ती दुरुस्ती सुचवली होती टेक्ससचे तेव्हाचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी. मला ते बंधन योग्य वाटतं. उमेदवार जोखायचा कसा एवढंच मला सांगायचं आहे, आणि त्यासाठी खुद्द जॉन्सन यांच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

१९६४ ची निवडणूक डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला जॉन्सन, दुसऱ्या बाजूला अ‍ॅरिझोनाचे बॅरी गोल्डवॉटर. अमेरिकेत तेव्हा मराठी माणूस औषधाला सापडला असता, कारण १९४६ च्या कायद्यानं भारतातून येणाऱ्यांसाठी वर्षाला फक्त १०० जागा ठेवल्या होत्या. तरी समजा त्या वेळी आपल्यापैकी कोणाला मत असतं आणि त्यानं ‘भारताला बरा कोण’ हाच प्रश्न विचारला असता, तर जॉन्सन पुढच्या दोन वर्षांत त्या कसोटीवर सपशेल नापास झाले असते. १९६५ आणि १९६६ असा लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला. भारताचं पोट पीएल-४८० च्या अमेरिकी धान्यावर चालू होतं; एकट्या १९६६ सालात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं. जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार करायला नकार दिला आणि गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडली. दिल्लीनं शेतीचं धोरण बदलावं हा एक उद्देश होता, आणि व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेली टीका त्यांना झोंबत होती हेही खरं. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं ते याच काळात. रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी आठवणारे वाचक या अंकाला अजून आहेत.

आणि याच जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली. माणूस कोणत्या देशात जन्मला यावरून त्याची लायकी ठरवणारा जुना कोटा गेला. भारताच्या १०० जागांच्या ठिकाणी देशाला वर्षाकाठी २०,००० पर्यंत अशी नवी मर्यादा आली, आणि शिक्षण व कौशल्य यांना स्थान मिळालं. त्यानंतर मुंबई-पुण्याचे डॉक्टर इथल्या इस्पितळांत आणि इंजिनिअर इथल्या मोटार कारखान्यांत येऊ लागले. या कायद्याला ज्या दोघांचं नाव आहे त्यांतले एक, सिनेटर फिलिप हार्ट, आपल्याच मिशिगनचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या इथे असण्याचं मूळ त्या सहीत आहे.

हा कायदा भारतप्रेमातून आला नाही. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला, आणि ऑक्टोबरमध्ये हा. कृष्णवर्णीय नागरिकाला वंशावरून दूर ठेवता येणार नाही असं देशानं एकदा मान्य केलं, की परदेशी माणसाला वंशावरून दाराबाहेर ठेवणारा कोटा टिकणं अवघडच होतं. सेल्माहून चालत निघालेल्यांच्या मनात मराठी माणूस असण्याचं काही कारण नव्हतं, तरी त्यांच्या रक्ताघामावर आपलं दार उघडलं. गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. केंद्राला तो अधिकार नाही ही त्यांची तात्त्विक भूमिका होती, आणि ती त्यांनी लपवली नव्हती. तेव्हा ‘इथल्या सर्वांत दुबळ्या नागरिकाच्या हक्काबद्दल हा उमेदवार काय म्हणतो’ असं विचारणाऱ्या मतदाराला दोघांतला फरक स्वच्छ दिसत होता. इमिग्रेशनमधला बदलही जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ च्या संसदेपुढच्या भाषणातच मागितला होता. व्हिएतनाममध्ये त्यांनी जे केलं त्याची भलामण मी करणार नाही. मुद्दा एवढाच, की आपल्या भल्याचा प्रश्न तेव्हा भारताच्या नावानं विचारलाच जात नव्हता.

आजही फारसं वेगळं नाही. आधी थोडं मागे पाहू: भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तुम्ही ‘गोरे’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही, आणि त्या निकालानंतर कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. त्या काळात इथे जन्मलेल्या मुलांना आधार होता तो चौदाव्या घटनादुरुस्तीचा. ती १८६८ ची, गुलामीतून सुटलेल्यांसाठी लिहिलेली. १८९८ मध्ये वाँग किम आर्क यांच्या खटल्यात न्यायालयानं ती चिनी आईबापांच्या मुलालाही लागू केली. २० जानेवारी २०२५ ला, पदभार घेतला त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर इथे जन्मलेलं मूल नागरिक धरायचं नाही. खालच्या न्यायालयांनी तो रोखला, प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एच-१बी वर काम करणारी किती मराठी जोडपी त्या आदेशाच्या वर्णनात बसतात ते प्रत्येकानं आपल्या ओळखीत मोजून पाहावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आणि भारतातल्या अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. कोलंबियात शिकलेल्या त्या मराठी माणसाला जे दिसलं, ते इथे दोन-दोन पिढ्या राहूनही आपल्याला दिसू नये याचं मला वाईट वाटतं.

‘मग भारताचा विचार करायचाच नाही का?’ असं कोणी विचारेल. करावा, पण अध्यक्षांची मैत्री फार काळ टिकणारी वस्तू समजू नये. २२ सप्टेंबर २०१९ ला ह्यूस्टनमध्ये ट्रम्प आणि नरेंद्र मोदी हातात हात घालून फिरले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ट्रम्प सरकारनं भारतीय मालाला मिळणारी जुनी करसवलत काढून घेतली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादला ट्रम्प यांच्या स्वागतासाठी मोटेराचं स्टेडियम भरलं. जूनमध्ये एच-१बी वर नव्यानं येणाऱ्यांना वर्षअखेरपर्यंत दार बंद झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क बसलं आणि मुंबईत सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांना घाम फुटला. पुढच्याच महिन्यात नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लागतील अशी घोषणा झाली. दुसऱ्या बाजूला पाहा: पोखरणच्या चाचण्यांनंतर १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांनी निर्बंध लादले, आणि मार्च २००० मध्ये तेच क्लिंटन भारताच्या संसदेत टाळ्या घेऊन आले. जॉर्ज बुश यांचा अणुकरार २००८ मध्ये सिनेटनं ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला, तो दोन्ही पक्षांच्या पाठिंब्यावर. दोन देशांचे हितसंबंध जुळतात तेव्हा संबंध सुधारतात. निवडणुकीच्या काळातल्या प्रेमाच्या शब्दांवर हिशेब मांडला तर दरवेळी फसगत होईल.

नावाचंही तसंच. २०२४ मध्ये आपल्याकडे कमला हॅरिस, निकी हेली आणि विवेक रामस्वामी अशी तीन नावं होती, आणि एरवी राजकारणाकडे न फिरकणारी घरंही उल्हसित झाली. मलाही ते पाहून बरं वाटलं. पण ऑगस्ट २०२३ मध्ये मिलवॉकीच्या व्यासपीठावर हेली आणि रामस्वामी युक्रेनला मदत करावी की नाही यावरून एकमेकांवर तुटून पडले. दोघांचेही आईवडील भारतातून आलेले. आडनावावरून कुणाला त्यांची भूमिका सांगता आली असती? बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून गेले, तेही मराठी मतांच्या जोरावर नव्हे. एवढी मराठी मतं तिथे नाहीतच. आपल्या माणसाचा अभिमान जरूर वाटावा, पण त्याचीही परीक्षा इतरांसारखीच व्हावी.

मग बघायचं काय? अध्यक्षाच्या हातात खरोखर काय असतं ते. ग्रीन कार्डाची एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा अध्यक्ष बदलू शकत नाही. ती काँग्रेसनं कायद्यानं घातली आहे. २०१९ मध्ये ती हटवणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत होऊनही शेवटी बारगळलंच. म्हणून ‘मी रांग संपवीन’ असं म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा आपल्या प्रतिनिधीला आणि सिनेटरला गाठणं जास्त कामाचं. करांचंही मुख्य काम काँग्रेसचंच. पण एच-४ वरच्या जोडीदाराला कामाची परवानगी मिळाली ती २०१५ मध्ये प्रशासनाच्या नियमानं, आणि नियम तसाच काढूनही घेता येतो. अध्यक्ष सुमारे ४,००० माणसं नेमतो. न्यायाधीश नेमतो, तेही तहहयात. त्यामुळे उमेदवाराच्या आजूबाजूला कोण उभं आहे, तो उद्या न्यायखात्यात आणि इमिग्रेशनच्या खुर्चीत कोणाला बसवेल, हे त्याच्या जाहीरनाम्यापेक्षा बारकाईनं वाचावं.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट: निकाल विरुद्ध गेल्यावर हा माणूस काय करतो. १९६० मध्ये थोडक्यात हरलेल्या निक्सन यांनी उपाध्यक्ष या नात्यानं जानेवारी १९६१ मध्ये केनेडींचा विजय स्वतः जाहीर केला. फ्लोरिडात ५३७ मतांनी देश हातचा गेल्यावर अ‍ॅल गोर यांनी १३ डिसेंबर २००० ला पराभव मान्य केला. २००८ मध्ये मिनेसोटाच्या सभेत एक बाई ओबामांबद्दल भलतंसलतं बोलू लागल्या तेव्हा जॉन मॅकेन यांनी स्वतःच्या समर्थकांसमोर त्यांच्या हातून माइक घेतला आणि प्रतिस्पर्ध्याला सभ्य गृहस्थ म्हटलं. ६ जानेवारी २०२१ ला मात्र मतमोजणी थांबवण्यासाठी कॅपिटॉलवर जमाव चालून गेला, आणि त्याआधी त्याला भडकवणारा माणूस देशाचा अध्यक्ष होता. इथे जन्मलेल्या नागरिकाला घटनेचं रक्षण करण्याची शपथ घ्यावी लागत नाही. आपण नागरिक झालो तेव्हा उजवा हात वर करून ती घेतली आहे. जो उमेदवार या कसोटीला उतरत नाही, त्याचं भारतविषयक धोरण, करधोरण, व्हिसाधोरण मी पुढे वाचतच नाही.

आता मताच्या वजनाबद्दल. मिशिगनमध्ये २०१६ चा निकाल १०,७०४ मतांनी लागला. ट्रॉय, नोवाय, कँटन अशा गावांतले मतदार आकड्यानं त्याच्या कितीतरी पुढे जातात. पण नोव्हेंबरपर्यंत थांबलं की समोर दोनच नावं उरतात, आणि ती दुसऱ्यांनी ठरवलेली असतात. २०२४ मध्ये तर डेमोक्रॅटिक मतदारांनी प्रायमरीत जो बायडन यांना निवडलं, त्यांनी २१ जुलैला माघार घेतली, आणि कमला हॅरिस यांच्यासाठी एकही प्रायमरी झाली नाही. मतदाराला असं डावलणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला आपल्या शेजारच्या डिअरबॉर्नच्या अरब मतदारांनी पुढाकार घेतला आणि मिशिगनच्या प्रायमरीत १ लाखाहून जास्त लोकांनी ‘कोणालाही बांधील नाही’ यावर खूण केली. गाझाचा प्रश्न पक्षाच्या कार्यालयात पोहोचला. त्यांचा प्रश्नही परदेशाचाच होता हे मला मान्य आहे. पण आमच्यावर प्रेम कोण करतं असं त्यांनी विचारलं नाही. तुमच्या हातातली सत्ता, तुमची शस्त्रं, तुम्ही कशी वापरता असं विचारलं.

मिशिगनमध्ये प्रायमरीला पक्षाची नोंदणी लागत नाही. मतदान करताना कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी तेवढं सांगायचं. इलिनॉय आणि टेक्ससमध्येही पक्षाची नोंदणी लागत नाही. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा इथे मात्र आधी पक्षात नाव नोंदवलेलं लागतं, आणि ‘आम्ही कोणत्याच पक्षाचे नाही’ म्हणणारी आपली माणसं तिथे प्रायमरीतून बाद होतात. मुलं शिकायला किंवा नोकरीला त्या राज्यांत गेली असतील तर त्यांना हे आताच कळवा.

करमुक्त संस्थेला उमेदवार सुचवता येत नसला, तरी पक्ष न बघता मतदार नोंदणी करायला पूर्ण मुभा आहे. २०२७ च्या गणेशोत्सवात आरतीच्या मांडवाबाहेर नोंदणीचं एक टेबल मांडावं, त्यावर मिशिगनच्या प्रायमरीची तारीख मोठ्या अक्षरांत लावावी, आणि मंडळाच्या कार्यकारिणीनं ते काम दोन तरुण सदस्यांवर आताच सोपवावं, अशी माझी मागणी आहे.